मुलासाठी जुन्या वळणाची कॅथलिक बॉईज स्कूल : अमेरिकेत नव्याने आलेल्या वसईकरांसाठी

वसईत आपण शाळा शोधत नाही. चर्चच्या आवारात शाळा असते, तिथे आजोबा शिकलेले असतात, आत्या शिकवत असते, आणि पोराला सहावं वर्ष लागलं की त्याला हाताला धरून तिथे नेऊन सोडायचं. अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा ‘कॅथलिक शाळा निवडा’ असा प्रश्न समोर आला, तेव्हा मी आणि बायको दोघंही गोंधळलो. त्यातून आम्हाला हवी होती फक्त मुलांची, जुन्या वळणाची शाळा. दीड वर्ष त्यात गेलं. निम्मा वेळ चुका करण्यातच गेला. त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

मराठी हिंदू कुटुंबांतही ‘शिस्त चांगली असते’ म्हणून अशा शाळांची चौकशी होते. त्यांच्यासाठीही मध्ये मध्ये लिहिलं आहे.

१. शाळा कुणाची, ते आधी बघा

आपली पहिली चूक इथेच होते. आपण झगा शोधतो. प्रिन्सिपलच्या खुर्चीत फादर बसलेले दिसले की शाळा पक्की कॅथलिक, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इथे हा हिशोब चालत नाही. अमेरिकेतल्या जुन्या वळणाच्या कित्येक शाळा प्रापंचिक लोकांनी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या पालकांनी काढलेल्या आहेत. तिथे हेडमास्तर सहा पोरांचा बाप असतो आणि फादर फक्त चॅपलन म्हणून, म्हणजे मिस्सा आणि धर्मकार्यापुरते, येतात.

ढोबळ प्रकार असे:

पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्चची, किंवा बिशपांच्या अखत्यारीतली शाळा. बहुतेक आठवीपर्यंत, बहुतेक मुलं-मुली एकत्र. फी त्यातल्या त्यात परवडणारी. किती कर्मठ, ते त्या त्या पॅरिशवर.

धर्मसंघाची हायस्कूलं. जेझुइट, बेनेडिक्टाइन, ख्रिश्चन ब्रदर्स वगैरे. वॉशिंग्टन परिसरातली जॉर्जटाऊन प्रेप १७८९ची आणि गोन्झागा १८२१ची, दोन्ही जेझुइटांच्या. मुंबईच्या सेंट झेवियर्समुळे जेझुइट म्हटलं की आपल्याला घरचंच वाटतं. शाळा नामांकित आहेत, खेळ जोरात, कॉलेज प्रवेश उत्तम. पण ‘जुन्या वळणाची’ हा तुमचा निकष असेल तर तो इथे लागू पडेलच असं नाही. इतिहास जुना असला तरी वळण आजचं असू शकतं.

प्रापंचिकांनी चालवलेल्या स्वतंत्र शाळा. मेरीलँडमध्ये पोटोमॅकची द हाइट्स स्कूल १९६९ साली सुरू झाली. तिसरी ते बारावी, फक्त मुलं, आणि आध्यात्मिक बाजू ओपस देई या कॅथलिक संस्थेकडे. शिकागोजवळ नाइल्समधली नॉर्थरिज प्रेप त्याच कुळातली. अशा शाळांचा कणा म्हणजे मेंटॉर. प्रत्येक मुलामागे एक ठरलेला शिक्षक असतो, तो मुलाशी नियमित एकट्याने बोलतो आणि आईवडिलांशीही. माझ्या मते या शाळांतली सर्वात मोलाची गोष्ट हीच. लॅटिन आणि ब्लेझर त्याच्या नंतर.

निवासी शाळा. पेनसिल्व्हेनियातली ग्रेगरी द ग्रेट अकॅडमी, कॅन्ससमधली सेंट मार्टिन्स अकॅडमी. फोन नाही, रग्बी आहे, कॅन्ससमध्ये तर मुलं शेतावर राबतात. आपल्या वाडीत वाढलेल्या माझ्या वडिलांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, “एवढे पैसे देऊन पोराला गुरांकडे धाडायचं? मग इकडेच पाठव.”

आणि शेवटी लॅटिन मिस्सेभोवती, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लॅटिनमधल्या उपासनेभोवती, उभ्या राहिलेल्या शाळा. इथे थांबून नीट चौकशी करा. काही ठिकाणी बिशपांच्या परवानगीने जुन्या विधीची मिस्सा होते. पण जुलै २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या विधीवर मर्यादा घातल्या, त्यामुळे आज आहे ती परवानगी उद्या राहील याचा भरवसा देता येत नाही. काही शाळा सोसायटी ऑफ सेंट पायस द टेन्थ या संघाच्या आहेत. या संघाच्या संस्थापकांनी १९८८ मध्ये पोपच्या परवानगीशिवाय बिशप नेमले, २००९ मध्ये त्या बिशपांवरचा बहिष्कार उठला, तरी रोमशी संबंध अजून सरळ झालेला नाही. तिथली माणसं भाविक असतात, त्याबद्दल शंका नाही. पण आपण कुठल्या दारातून आत जातोय हे आईवडिलांना ठाऊक असायला हवं.

ओळखायची सोपी खूण: चर्चच्या कायद्याच्या (कॅनन लॉ) कलम ८०३ प्रमाणे चर्चच्या अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कुठल्याही शाळेला ‘कॅथलिक’ हे नाव लावता येत नाही. तेव्हा सरळ विचारा, “बिशपांशी तुमचं नातं काय?” उत्तर एका वाक्यात आलं तर ठीक. वीस मिनिटं लागली तर वहीत खूण करा.

२. ‘जुन्या वळणाची’ म्हणजे काय, ते आधी घरात ठरवा

आमच्या घरी बायकोला हवं होतं: फोन नको, रोज प्रार्थना, पोरांच्या तोंडी शिव्या नकोत. मला हवं होतं: पाठांतर, चांगलं अक्षर, लॅटिन, आणि शिक्षक वर्गात आल्यावर मुलं उभी राहतात तशी शाळा. हा फरक चौथी शाळा बघून परत येताना गाडीत कळला. तो आधी कळला असता तर तीन शनिवार वाचले असते.

एका कागदावर दोघांनी वेगवेगळं लिहा: काय असायलाच हवं, काय नसलं तरी चालेल, काय अजिबात नको. तिसऱ्या यादीला लाजू नका. आमच्या तिसऱ्या यादीत राजकारण होतं. इथे काही शाळांत धर्माच्या जुन्या वळणाला एका पक्षाचं वळण चिकटलेलं असतं. वर्गात ते कुणी शिकवत नाही, पण पोरं डबा खाताना बोलतात तेच, आणि बाहेरून आलेल्या, सावळ्या रंगाच्या मुलाला ते आधी ऐकू येतं. पार्किंगमध्ये एक फेरी मारून गाड्यांवरचे स्टिकर वाचा. माहितीपत्रकापेक्षा ते जास्त बोलतात.

३. पॅरिशमध्ये नाव नोंदवा, तेही आजच

गावी प्रमुख धर्मगुरूंना आपलं घर, आजी, कुत्रा सगळं ठाऊक असतं. इथे वर्षभर दर रविवारी पहिल्या बाकावर बसलात तरी कागदावर तुम्ही नसता. ऑफिसात जाऊन फॉर्म भरावा लागतो.

हे इतकं महत्त्वाचं का? अनेक शाळा फादरांचं पत्र मागतात आणि पॅरिशच्या शाळांत नोंदणीकृत कुटुंबाला फी कमी असते. ते पत्र देताना ऑफिस बघतं की हे कुटुंब खरंच येतं का. आणि ते बघतं दानाच्या नोंदीवरून! आम्ही आपल्या सवयीने दर रविवारी टोपलीत रोख टाकत होतो. नावच नाही, तर नोंद कसली? सेक्रेटरीबाईंनी संगणकात बघून गोड हसून सांगितलं, तुमच्या नावावर काहीच दिसत नाही. नावाची पाकिटं मागून घ्या किंवा ऑनलाइन द्या. रक्कम पाच डॉलर असली तरी चालेल, नाव दिसलं पाहिजे.

४. कागदपत्रं

भारतातून निघायच्या आधी यातलं बरंचसं गोळा करता येतं:

- बाप्तिस्म्याचा दाखला. गावच्या पॅरिशमधून नवा काढा, आणि प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार (फर्स्ट कम्युनियन) व दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं असेल तर त्याची नोंदही त्यावर करून घ्या.
- जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद).
- आधीच्या शाळेची दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं. मराठी माध्यमाची असतील तर इंग्रजी भाषांतर.
- शाळा सोडल्याचा दाखला. इथे तो फारसा कुणी मागत नाही, पण परत गेलात तर लागेल.
- लसीकरणाचं पुस्तक.
- शिक्षकांची शिफारसपत्रं. बहुतेकदा एक गणिताच्या आणि एक भाषेच्या शिक्षकाकडून.
- फादरांचं पत्र.

यात दोन ठिकाणी माणूस अडकतो.

पहिलं, नाव. आपल्याकडे घरात नील, पासपोर्टवर नील, आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आजोबांच्या आवडीचं संताचं नाव. शिवाय वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लागलेलं. आडनावातलं वरचं टिंब, म्हणजे डिसोजातली अपॉस्ट्रॉफी, दाखल्यावर असते आणि पासपोर्टवर नसते. ऑफिसातल्या माणसाला हा एकच मुलगा आहे हे पटेना. गावच्या फादरांकडून ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं दोन ओळींचं पत्र आणून ठेवा.

दुसरं, टीबीची तपासणी. आपल्या मुलांना जन्मतः बीसीजी टोचलेली असते. त्यामुळे हातावर टोचून करायची तपासणी उगाच पॉझिटिव्ह दिसू शकते, मग एक्स-रे आणि धावपळ. डॉक्टरांना बीसीजीचं आधीच सांगा आणि रक्ताची तपासणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

व्हिसाबद्दल थोडक्यात: आईवडिलांपैकी एक एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा) आणि मूल एच-४वर (कुटुंबीयांचा व्हिसा) असेल तर कुठल्याही शाळेत जाता येतं, वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. मुलाला एकट्याला निवासी शाळेत पाठवायचं असेल तर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा लागतो, आणि तो देण्याची सरकारी मान्यता त्या शाळेला आहे का हे विचारूनच अर्जाचे पैसे भरा. पर्यटक व्हिसावर शाळा नाही.

५. वेळ

आपल्याला एप्रिल-मे म्हणजे प्रवेशाचा हंगाम वाटतो. इथे ऑगस्टच्या शाळेसाठी आदल्या ऑक्टोबरात हालचाल सुरू होते, अर्ज डिसेंबर-जानेवारीत, बऱ्याच ठिकाणी प्रवेश परीक्षा, निकाल मार्चच्या सुमारास. उशीर झाला असेल तरी फोन करा. बदल्यांमुळे जागा उन्हाळ्यातही रिकाम्या होतात.

मुलाला एक इयत्ता खाली बसवायला सुचवलं तर अपमान समजू नका. वयाची तारीख राज्याराज्यात वेगळी आहे, बऱ्याच ठिकाणी १ सप्टेंबर. आपल्याकडे ३१ डिसेंबर. आणि मुलांच्या शाळांत पोराला मुद्दाम एक वर्ष मागे ठेवणारे अमेरिकन पालकही खूप आहेत.

६. पैसे

पॅरिशची शाळा काही हजार डॉलरांत भागते. मोठ्या शहरांजवळच्या स्वतंत्र बॉईज स्कूलची फी वर्षाला ३० हजार डॉलरच्या वर जाऊ शकते. आकडा बघून पान बंद करू नका. बऱ्याच कुटुंबांना सवलत मिळते, पण तिचा अर्ज वेगळा असतो, मुदतही वेगळी असते, आणि टॅक्स रिटर्न जोडावे लागतात. भारतात आईवडिलांना पैसे पाठवत असाल तर ते फॉर्ममध्ये लिहा. विचारायला रकाना नसतो, म्हणून वेगळं पत्र जोडा. आमच्या बाबतीत त्या पत्राने फरक पडला.

५२९ नावाच्या बचत खात्यातून शालेय फी भरता येते. मर्यादा वर्षाला १० हजार डॉलर होती, ती २०२६ पासून २० हजार झाली. राज्याची करसवलत त्याला लागू होते का, हे मात्र तुमच्या राज्याचं बघा.

फीशिवाय ब्लेझर, पुस्तकं, सहली, खेळ, आणि वर्षातून एकदा निधी गोळा करायचं जेवण. तिथे टेबल विकत घ्यायचा आग्रह होतो. एक खुर्ची घेतली तरी चालते.

७. शाळा बघायला साध्या मंगळवारी जा

ओपन हाऊसच्या, म्हणजे शाळा सगळ्यांना बघायला खुली ठेवतात त्या, दिवशी सगळ्या शाळा सारख्याच दिसतात. एखाद्या साध्या दिवसाची वेळ मागा, आणि मुलासाठी ‘शॅडो डे’ मागा. म्हणजे तुमचा मुलगा दिवसभर तिथल्या एका मुलासोबत वर्गात बसतो.

आमचा शॅडो डे ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी पडला. बायकोने डब्यात चिकनचं सुकं आणि चपात्या दिल्या. उपासकाळ (ईस्टरआधीचा लेंट) नाही, काही नाही, मग कशाला विचार करायचा? पोरगा संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, “सगळ्यांकडे चीज होतं. कुणीच मटण-चिकन आणलं नव्हतं.” अमेरिकन बिशपांनी १९६६ मध्येच उपासकाळाबाहेरच्या शुक्रवारी मांस वर्ज्य करायची सक्ती काढली, त्याऐवजी दुसरा काही त्याग करा म्हणून. तरी जुन्या वळणाची घरं वर्षभर शुक्रवार पाळतात. मी विचारलं, कुणी काही बोललं का? म्हणाला, “नाही. शेजारचा म्हणाला, वास मस्त येतोय, सोमवारी आण.” ती शाळा माझ्या मनात तिथेच वर गेली. दुसऱ्या एका शाळेत त्याच वयाच्या मुलांनी त्याला पहिल्या तासाला विचारलं होतं, की तू खरा कॅथलिक आहेस की मिशनऱ्यांनी केलेला. वसईत पोर्तुगीज आले ते सोळाव्या शतकात, हे तिथल्या शिक्षकालाही माहीत नव्हतं.

तुम्ही स्वतः काय बघायचं? चॅपलमध्ये पाच मिनिटं मागे बसा, घंटा नसताना एखादा मुलगा आपणहून आत येतो का. मधल्या सुट्टीत मोठी मुलं लहानांशी कशी वागतात. मागच्या बाकावरचा, गणितात कच्चा दिसणारा मुलगा शिक्षकाला प्रश्न विचारतो का. फोन खरंच बंद आहेत की खिशात थरथरतायत. वर्गांच्या दारांना काच आहे का.

ती काच का, ते पुढच्या मुद्द्यात.

८. मुलाखत: तुम्हीही प्रश्न विचारा

मुलाखत आपली असते, त्यांचीही असते. मी पहिल्या दोन ठिकाणी ‘येस फादर, येस सर’ करून आलो आणि नंतर पस्तावलो. हे विचारा:

मुलांच्या सुरक्षिततेचं काय? अमेरिकन चर्चने मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं उघड झाल्यावर २००२ मध्ये डॅलसला नियमावली केली. बिशपांच्या अखत्यारीत काम करणाऱ्या, मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासली जाते, प्रशिक्षण होतं. स्वतंत्र शाळा हेच पाळतात का? मेंटॉर मुलाशी एकट्याने बोलतो तेव्हा कुठे बसतो? तक्रार आली तर पोलिसांना कोण कळवतं? आपल्याकडे फादरांना असलं विचारणं उद्धटपणा वाटतो. इथे चांगली शाळा या प्रश्नाची वाटच बघत असते. आम्हाला एका हेडमास्तरांनी उठून दार दाखवलं, काच कुठवर आहे ते. आणखी एका ठिकाणी उत्तर मिळालं, “आमच्याकडे सगळे ओळखीचेच आहेत.” तो अर्ज आम्ही भरला नाही.

विज्ञान कसं शिकवता? उत्क्रांतीच्या अभ्यासाला चर्चची आडकाठी नाही, पोप पायस बाराव्यांनी १९५० मध्येच त्या चर्चेला वाट करून दिली. तरी काही छोट्या शाळांची पुस्तकं वेगळंच सांगतात. प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा.

शाळेला मान्यता कुणाची? लहान अकॅडम्यांना कधी कधी नसते. परत भारतात जाऊन कॉलेज करायची शक्यता असेल तर बारावीच्या समकक्षतेसाठी असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडे जावं लागेल, तिथे हा प्रश्न येणारच.

अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला काय मदत मिळते? खासगी शाळेवर सरकारी शाळेइतकं बंधन नसतं. बोलण्याची किंवा वाचनाची अडचण असेल तर आधीच सांगा, लपवू नका.

कॅथलिक नसलेल्या कुटुंबांनी हे नक्की विचारावं: धर्माचा तास सगळ्यांना आहे का? भारतात घटनेचं कलम २८ आहे, सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. मुंबईच्या कॅथलिक शाळांत म्हणूनच एकीकडे धर्मशिक्षण आणि दुसरीकडे मूल्यशिक्षण चालतं. इथल्या खासगी शाळेत तशी सोय गृहीत धरू नका. धर्म हा विषय असतो, त्याला गुण असतात, मिस्सेला बसावं लागतं. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत वाटतात ती पवित्र भाकर, मात्र घ्यायचं नाही, हे मुलाला आधी समजावून सांगा, नाहीतर रांगेबरोबर तोही हात पुढे करेल.

मुलालाही प्रश्न येतात. माझ्या मुलाला विचारलं, तुझा आवडता संत कोण. मला वाटलं फ्रान्सिस म्हणेल. म्हणाला, गोन्सालो गार्सिया, आमच्या गावचा, त्याला १५९७ मध्ये जपानात क्रुसावर मारलं. हेडमास्तर खुर्चीत पुढे सरकले. पुढची दहा मिनिटं पोरगा वसईचा किल्ला सांगत होता. तेव्हा अमेरिकन उत्तरं पाठ करून घेऊ नका. आजीने जे सांगितलं ते त्याला सांगू द्या.

९. सही करण्याआधी

प्रवेशाचं पत्र आलं की आनंदाच्या भरात करारावर सही होते. आधी ‘माघार’ हे कलम वाचा. बऱ्याच ठिकाणी एका ठरावीक तारखेनंतर मूल काढलं तरी वर्षाची पूर्ण फी द्यावी लागते. आपली नोकरी व्हिसावर टांगलेली असते, त्यामुळे हे कलम आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागतं. नोकरी गेली किंवा देश सोडावा लागला तर काय, हे ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. काही शाळांत फीचा विमा मिळतो. अनामत रक्कम सहसा परत मिळत नाही.

मग उरतो उन्हाळा. वाचायच्या पुस्तकांची यादी येईल, ती जुलैत उघडा, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नको. बूट एक नंबर मोठे घ्या. आणि टाय बांधायला शिकवा. गावच्या शाळेत आपण इलॅस्टिकचा टाय डोक्यातून घालत होतो, इथे तो चालत नाही. मी स्वतः चाळीसाव्या वर्षी व्हिडिओ बघून शिकलो, न्हाणीघराच्या आरशासमोर, पोरगा शेजारी उभा. त्याचं पहिल्या प्रयत्नात जमलं.